जुना प्रोसेसर खरोखर निकामी असतो काय?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शाळेच्या संगणक-कक्षात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक असेल. त्यावर साधे खेळ बऱ्यापैकी चालतात. मग केव्हातरी वाटते, की खेळताना पडद्यावर जे दिसते ते चित्रित करून मित्रांना दाखवावे. म्हणून एखादा नवा रेकॉर्डर संगणकात टाकावा, तो सुरू करावा, तर त्याची खिडकी क्षणभर उघडते आणि काही न सांगता नाहीशी होते. दुकानदाराला विचारले तर उत्तर ठरलेले असते : "प्रोसेसर जुना झाला. नवा संगणक घ्या."

हे उत्तर कधी कधी बरोबर असते. पण पुष्कळदा ते अर्धवट असते, आणि त्या अर्धवटपणाची किंमत घरच्या मंडळींना रोख मोजावी लागते. म्हणून नवा संगणक घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. हे काम प्रोसेसरला झेपत नाही, की प्रोग्रॅमने वापरलेली एखादी आज्ञा त्याला ठाऊकच नाही? या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रोसेसरच्या ताकदीची आहे. दुसरी बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, एका निर्णयाची आहे.

शिक्षकांनीही हा विषय मुलांच्या खेळाचा म्हणून सोडून देऊ नये. खेळ चित्रित करण्यासाठी केलेले हेच प्रोग्रॅम २०२० च्या टाळेबंदीत अनेक शिक्षकांनी धडे चित्रित करण्यासाठी वापरले, आणि आजही वापरतात.

प्रथम काम किती अवजड आहे ते पाहू. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत असे समजा. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट, म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट लागले. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला अशी ३० चित्रे घ्यायची. गुणाकार केला तर सेकंदाला १८ कोटी ६६ लाख बाइट होतात, आणि तासाभराच्या खेळाला सुमारे ६७० गिगाबाइट! जुन्या संगणकाची सगळी हार्ड डिस्क एका तासात भरून वाहू लागेल. तेव्हा हे चित्रण जागच्या जागी आटवणे भाग आहे. सेकंदाला ६० लाख बिट या बेताने आटवले, तर तोच तास २.७ गिगाबाइटमध्ये मावतो.

हे आटवणे कसे होते? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या मानकात, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या मानकांतही, मूळ कल्पना अशी आहे, की एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना बहुतेक भाग तसाच राहतो किंवा थोडासा सरकतो. म्हणून नव्या चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन मागच्या चित्रात कोठे सापडतो ते हुडकायचे. सापडला, की "अमुक चौकोन, इतका डावीकडे, इतका वर" एवढेच लिहून ठेवायचे. सगळे रंग पुन्हा लिहायला नकोत.

चौकोन 'सापडला' हे ठरवायचे कसे? दोन्ही चौकोनांतील समोरासमोरच्या ठिपक्यांची वजाबाकी करायची, वजाचे चिन्ह आले तर ते सोडून द्यायचे, आणि सगळ्या फरकांची बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितके साम्य जास्त. यात सातवीच्या विद्यार्थ्याला न येणारे काहीच नाही. पण हे किती वेळा करायचे ते पाहा. आपल्या पडद्यावर असे सुमारे ८१६० चौकोन बसतात. प्रत्येक चौकोन फक्त २० ठिकाणी ताडून पाहिला आणि चौकोनात २५६ ठिपके असले, तर एका चित्राला ४ कोटी १७ लाख, आणि ३० चित्रांना सेकंदाला १२५ कोटी वजाबाक्या होतात. वजाबाकी, चिन्ह सोडणे व बेरीज अशा तीन क्रिया धरल्या, तर ३७५ कोटींच्या वर क्रिया झाल्या. जुन्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला २५० ते ३०० कोटी स्पंदने देते, आणि त्याच वेळी त्याला खेळही चालवायचा असतो. काम येथेच अडले असते.

ते अडले नाही याचे कारण एक विशेष आज्ञा. इंटेल कंपनीने १९९९ साली पेंटियम-३ बरोबर एसएसई नावाचा आज्ञासमूह आणला. त्यात ८ जोड्यांची वजाबाकी करून, चिन्हे सोडून, बेरीज देण्याचे काम एकाच आज्ञेत करण्याची सोय होती. २००० साली पेंटियम-४ बरोबर एसएसई-२ आला आणि हीच आज्ञा १६ जोड्या एका दमात घेऊ लागली. २५६ ठिपक्यांचा चौकोन आता १६ आज्ञांत आटोपतो. वरचेच गणित पुन्हा मांडा : सेकंदाला ३७५ कोटी क्रियांच्या जागी सुमारे ७ कोटी ८३ लाख विशेष आज्ञा, आणि वर थोडीफार किरकोळ बेरीज. चित्रण आटवण्यासारखे काम घरगुती संगणकाच्या आवाक्यात आले ते अशा आज्ञांमुळे.

आता मुद्द्याकडे येऊ. तुमच्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी पाठ असण्याचा संभव आहे. अठरा दीडे किती, असे त्यांना विचारले तर ते क्षणात सत्तावीस म्हणतील. दिडकी न शिकलेला तुमच्यासारखा मुलगा अठरात नऊ मिळवील आणि तेच उत्तर जरा उशिराने देईल. प्रोसेसरच्या विशेष आज्ञा म्हणजे अशीच दिडकी-अडीचकी आहे. ती येत नसली तरी उत्तर काढता येते, फक्त अधिक पायऱ्या लागतात. मात्र येथे एक मोठा फरक आहे. माणसाला दिडकी आली नाही तर तो दुसरी वाट शोधतो. प्रोसेसर तसे करत नाही. न शिकलेली आज्ञा समोर आली, की तो 'बेकायदा आज्ञा' अशी खूण करून थांबतो, आणि विंडोज किंवा लिनक्स तो प्रोग्रॅम तेथेच बंद करते. नाहीशी झालेली खिडकी ती हीच. प्रोसेसर दमलेला नसतो, त्याने काम सुरूही केलेले नसते.

दुसरी वाट दाखवण्याचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे असते, आणि तशी सोय प्रोसेसरमध्ये फार पूर्वीपासून आहे. सीपीयूआयडी नावाची एक आज्ञा आहे. ती १९९३ च्या पेंटियमपासून इंटेलच्या सर्व नेहमीच्या प्रोसेसरांत मिळते. ती दिली, की आपल्याला कोणकोणते आज्ञासमूह येतात हे प्रोसेसर स्वतः सांगतो. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच एवढे विचारावे, नवी आज्ञा येत असेल तर जलद वाटेने जावे, येत नसेल तर सावकाश वाटेने. एक्स२६४ हा चित्रण आटवणारा मोफत प्रोग्रॅम नेमके हेच करतो. सुरू होताच तो चौकशी करतो, प्रोसेसरला काय काय येते ते लिहून दाखवतो आणि त्याप्रमाणे वाट निवडतो. ओबीएस स्टुडिओ हा खेळ चित्रित करणारा प्रसिद्ध प्रोग्रॅम, आटवण्याचे काम प्रोसेसरकडून करून घ्यायचे असेल तेव्हा, याच एक्स२६४ची मदत घेतो. म्हणजे सगळ्यांत अवघड भागात जुन्या प्रोसेसरची काळजी वर्षानुवर्षे घेतली गेली आहे. एखादा रेकॉर्डर जुन्या यंत्रावर कोसळतो तेव्हा दोष पुष्कळदा आटवण्याच्या भागात नसतो, आजूबाजूच्या साध्या भागांत असतो. ही गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटते.

असे का होते? प्रोग्रॅम मानवी वाचनाच्या भाषेत लिहितात आणि कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करतो. या कंपायलरला "एव्हीएक्स असलेला प्रोसेसर धर" असे एकदा सांगितले, की तो त्या आज्ञा सगळीकडे पेरून टाकतो, जेथे त्यांची काडीची गरज नाही तेथेसुद्धा. कधी ही पेरणी लेखकाने केलेली नसते. त्याने उसनवार घेतलेल्या एखाद्या भागात ती आधीच असते. लेखकाच्या मेजावरचा संगणक नवा असल्याने त्याला काहीच जाणवत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'नो मॅन्स स्काय' हा खेळ निघाला तेव्हा तो एएमडी कंपनीच्या फेनॉम प्रोसेसरांवर सुरूच होईना, कारण त्याला एसएसई ४.१ च्या आज्ञा लागत होत्या आणि फेनॉमला त्या येत नव्हत्या. तक्रारी आल्या, आणि थोड्याच दिवसांत ती अट काढून टाकणारी दुरुस्ती निघाली. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'सायबरपंक २०७७' निघाला. (हा खेळ मोठ्यांसाठी आहे. तुम्ही खेळावा म्हणून नाव घेतलेले नाही.) एव्हीएक्स नसलेल्या प्रोसेसरांवर तो प्रस्तावनेच्या शेवटी कोसळत असे. त्याच महिन्याच्या दुरुस्तीत कंपनीने एव्हीएक्सचा वापरच काढला. दोन्ही वेळी प्रोसेसर होता तोच राहिला, बदलला तो प्रोग्रॅम. ज्यांनी मधल्या काळात "प्रोसेसर निकामी" म्हणून नवा घेतला असेल, त्यांनी पैसे कशासाठी घातले?

आता 'जुना' या शब्दाकडे वळू. एव्हीएक्स आज्ञा इंटेलने २०११ च्या जानेवारीत आणल्या. त्या वेळच्या कोअर आय-५ २५०० ला त्या येतात. त्याच कंपनीने २०२० साली विकायला काढलेल्या पेंटियम गोल्ड जी-६४०० ला मात्र त्या येत नाहीत. त्याच पिढीच्या कोअर आय-३ ला येतात! म्हणजे नऊ वर्षांनी धाकटा प्रोसेसर थोरल्यापेक्षा कमी आज्ञा जाणतो. याचे कारण सिलिकॉनच्या गुणधर्मात शोधू नका. स्वस्त माल आणि महाग माल यांत फरक दिसावा म्हणून कंपनीने स्वस्त नावांच्या प्रोसेसरांत ती सोय बंद ठेवली. पेंटियम व सेलेरॉन ही नावे शाळांच्या व बेताच्या उत्पन्नाच्या घरांच्या संगणकांवर सर्रास दिसतात. परिणामी, प्रोग्रॅम लिहिणारा जेव्हा "२०११ नंतरच्या सगळ्यांना एव्हीएक्स येते" असे गृहीत धरतो, तेव्हा तो नेमका ज्यांच्याजवळ कमी पैसे आहेत त्यांनाच दाराबाहेर ठेवतो. त्याचा तसा हेतू नसेलही.

आणि त्या नव्या आज्ञांनी आपल्या कामात किती वेग येतो? एव्हीएक्सने प्रथम दशांश-अपूर्णांकांची गणिते रुंद केली. ठिपक्यांसारख्या पूर्णांकांसाठी रुंद आज्ञा २०१३ च्या एव्हीएक्स-२ मध्ये आल्या. तेव्हापासून १६ च्या जागी ३२ जोड्या एका दमात घेता येतात. आपल्या चौकोनाच्या १६ आज्ञा ८ वर आल्या, म्हणजे या भागात फार तर दुप्पट फायदा. आधीच्या उडीत एका चौकोनामागे २५६ च्या जागी १६, म्हणजे सोळापट फायदा होता, आणि एसएसई-२ तर ६४-बिट विंडोज चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरला येते. खरी मोठी उडी जुन्या यंत्राने केव्हाच मारलेली आहे. पुढच्या दुपटीसाठी त्याला एकंदरीतच नाकारणे हा मला महागडा सौदा वाटतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या यंत्रांसाठी वेगळी वाट ठेवायची म्हणजे ती लिहायची, तपासायची, आणि दर आवृत्तीला पुन्हा तपासायची. हे काम फुकट होत नाही. ओबीएस स्टुडिओसारखा प्रोग्रॅम मोफत वाटला जातो आणि त्यावर राबणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ आहेत. त्याच्या २०२२ मधील २८ व्या आवृत्तीने विंडोज ७ व ८ आणि सर्व ३२-बिट संगणक सोडून दिले. त्याचे एक कारण असे, की खिडक्या व बटणे काढण्यासाठी तो क्यूटी नावाच्या ज्या उसन्या भागावर अवलंबून आहे, त्याच्या नव्या आवृत्तीनेच विंडोज ७ सोडले होते. पायाच सरकला तर भिंत किती दिवस थोपवून धरणार? येथे प्रोसेसरचा काही संबंध नाही हेही ध्यानात घ्या. त्याच प्रोसेसरवर विंडोज १० असते तर ही अडचण आली नसती. मात्र हा मार्गही आता अरुंद होत आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ची २०२४ सालची २४एच२ ही आवृत्ती एसएसई ४.२ न येणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. कोअर टू ड्युओ या एकेकाळच्या लाडक्या प्रोसेसरला तिचे दार बंद आहे.

तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम प्रत्येक जुन्या यंत्रावर कायम चालावा असा माझा हट्ट नाही. माझी मागणी फार लहान आहे. ज्याला विशिष्ट आज्ञा हव्यात त्याने सुरुवातीलाच प्रोसेसरला विचारावे, आणि नसतील तर स्वच्छ शब्दांत सांगावे : "मला एव्हीएक्स लागते, तुमच्या प्रोसेसरमध्ये ते नाही, अमुक जुनी आवृत्ती तुमच्यासाठी आहे." यासाठी चार-सहा ओळींचा मजकूर पुरतो. ती जुनी आवृत्ती उतरवून घेण्याची सोयही ठेवावी. ओबीएसने हे केले आहे. विंडोज ७ वर चालणारी २७.२.४ ही आवृत्ती अजून मिळते. गुपचूप नाहीशी होणारी खिडकी मात्र मला क्षम्य वाटत नाही, कारण तिच्यामुळे यंत्राच्या मालकाला खरे कारण कळतच नाही आणि तो दुकानाकडे धाव घेतो.

मग तुम्ही काय करावे? आधी प्रोसेसरला काय येते ते पाहा. विंडोजवर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम आज्ञासमूहांची यादी दाखवतो. लिनक्सवर 'एलएससीपीयू' असे लिहिले की तीच यादी येते. मग रेकॉर्डरच्या गरजांशी ती ताडा. आज्ञा आहेत पण चित्रण अडखळते, तर प्रश्न ताकदीचा आहे. मग पडदा १२८० × ७२० वर आणा. ठिपके निम्म्याहून कमी होतात आणि चौकोन ३६०० उरतात. एक्स२६४ला 'अल्ट्राफास्ट' या बेतावर ठेवा. तो शोधाशोध कमी करतो, फाइल मोठी होते, पण प्रोसेसरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. दुहेरी गाभ्याच्या प्रोसेसरवर भारी खेळ आणि चित्रण ही दोन्ही कामे एकदम मात्र जमणार नाहीत. तेथे दुकानदाराचे म्हणणे खरे समजावे.

आणखी एक वाट आहे. २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत क्विक सिंक, आणि २०१२ पासून एनव्हिडियाच्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांत एनव्हीएनसी, अशी चित्रण आटवण्यासाठीच बनवलेली स्वतंत्र मंडले आली. ती असतील तर मघाचे चौकोनांचे सगळे काम त्यांच्याकडे जाते आणि प्रोसेसर खेळाला मोकळा राहतो. पण कार्डासाठी लागणारा ड्रायव्हर नवा मिळतो का, हे आधी पाहून घ्यावे. २०१२ सालच्या केप्लर जातीच्या कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबवले. आज्ञाच नसतील, तर रेकॉर्डरची जुनी आवृत्ती वापरा, पण ती त्या रेकॉर्डरच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवा, भलत्या ठिकाणाहून नव्हे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये संपली आहे, तेव्हा असा संगणक चित्रणापुरता वापरून इंटरनेटपासून दूर ठेवलेला बरा.

शिक्षकांना एक सुचवतो. संगणक-कक्षातील प्रत्येक यंत्रावर प्रोसेसरचे नाव आणि त्याला येणाऱ्या आज्ञासमूहांची यादी लिहिलेली चिठ्ठी लावा. हे काम नववीची मुले एका तासात करतील. मग त्यांच्याकडून चौकटीच्या कागदावर ४ × ४ चे दोन चौकोन काढून घ्या, खणांत ० ते ९ पैकी आकडे भरा, दुसऱ्या चौकोनात तेच आकडे एक खण उजवीकडे सरकवा आणि रिकाम्या झालेल्या उभ्या ओळीत नवे आकडे लिहा. आधी चौकोन होते तेथेच ठेवून सोळाही जोड्यांची वजाबाकी करायची, चिन्ह सोडायचे, बेरीज मांडायची. मग दुसरा चौकोन एक खण डावीकडे ओढून, समोरासमोर येणाऱ्या बारा जोड्यांची बेरीज काढायची. घड्याळ लावून वेळही मोजा.